एकत्र न बसता कामाचा अंदाज कसा बांधावा: रिमोट सॉफ्टवेअर टीमसाठी सविस्तर पद्धत

तीन-चार टाइमझोनमध्ये विखुरलेल्या टीमला एस्टिमेशनची मीटिंग लावायची म्हटली, की कुणाची तरी झोप मोडतेच. ज्याची झोप मोडलेली असते तो गप्प बसतो, ज्याला त्या मॉड्यूलची सगळ्यांत जास्त माहिती असते तो पहिला आकडा बोलतो, आणि बाकीचे त्याची री ओढतात. तासाभरात पंधरा टिकेटांवर (एकेका कामाच्या नोंदींवर) पंधरा आकडे पडतात खरे. पण त्यांतले दहा तरी एकाच माणसाचे असतात.

यावर उपाय म्हणून अनेक टीम मीटिंग बंद करतात आणि टिकेटखाली कॉमेंटमध्ये अंदाज मागतात. कुणीतरी ‘३ पॉइंट?’ (पॉइंट म्हणजे कामाचा आकार मोजण्याचे सापेक्ष एकक) असे लिहितो आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागते. हा प्रकार मीटिंगपेक्षाही वाईट आहे. मीटिंगमध्ये पहिला आकडा हवेत विरून तरी जातो. कॉमेंटमधला आकडा दोन दिवस प्रत्येक येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ठळक बसून राहतो. म्हणजे आपण फक्त वेळ वाचवला, पण ज्या दोषासाठी मीटिंगला नावे ठेवत होतो तो दोष पक्का करून ठेवला.

प्रत्येकाने आपापल्या वेळी, एकमेकांचे न पाहता अंदाज द्यायचा आणि मतभेद लेखी सोडवायचे, ही असिंक्रोनस पद्धत नीट चालवता येते. त्यासाठी एक गोष्ट आधी मान्य करावी लागते. या पद्धतीतून हाती लागणारी मुख्य वस्तू आकडा नाही. कोणी काय गृहीत धरले होते याची लेखी नोंद ही खरी मिळकत, आणि आकडा त्यासोबत येतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच समजुतीवर उभ्या आहेत.

आकडा झाकून का ठेवायचा

अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे उपयोगी पडतो. संयुक्त राष्ट्रांमध्ये आफ्रिकी देशांचे प्रमाण किती टक्के, असा प्रश्न विचारण्यापूर्वी लोकांसमोर आकड्यांचे एक चाक फिरवले गेले. ज्यांच्यासमोर चाक १० वर थांबले त्यांच्या उत्तरांचा मध्यक २५ आला, आणि ज्यांच्यासमोर ते ६५ वर थांबले त्यांचा ४५. चाकाचा आणि प्रश्नाचा काडीचाही संबंध नव्हता, तरी मन त्या आकड्याला अडकले. टिकेटखालचा ‘३ पॉइंट?’ तर एका अनुभवी सहकाऱ्याकडून आलेला असतो. त्याची पकड चाकापेक्षा सैल असण्याचे काही कारण नाही.

आकडे झाकण्याची कल्पना सॉफ्टवेअरवाल्यांची नव्हे. रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात नॉर्मन डाल्की, ओलाफ हेल्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेल्फाय पद्धत विकसित केली. तिच्यात तज्ज्ञ एकमेकांना भेटत नसत. प्रश्नावली भरून देत, इतरांची उत्तरे व कारणे नावांशिवाय त्यांना दाखवली जात, आणि मग पुन्हा एकदा मत मागितले जाई. बॅरी बोएम यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात सॉफ्टवेअरच्या अंदाजासाठी हिचा ‘वाइडबँड डेल्फाय’ हा चर्चेची जोड दिलेला अवतार मांडला. पुढे २००२ मध्ये जेम्स ग्रेनिंग यांनी प्लॅनिंग पोकर मांडला, ज्यात सगळे आपल्या अंदाजाचा आकडा असलेले पत्ते एकाच क्षणी उलटतात. गंमत अशी की मूळ पद्धत एकत्र न बसण्यासाठीच होती, मधल्या काळात ती टेबलाभोवती आली, आणि रिमोट टीम आता तिला पुन्हा मूळ जागी नेत आहेत.

पायरी १: मोजायचे काय ते ठरवा

आवाका आणि कालावधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवाका म्हणजे काम करणाऱ्याच्या हातून जाणारी मेहनत. कालावधी म्हणजे काम सुरू झाल्यापासून ते वापरकर्त्यापर्यंत पोचेपर्यंत उलटलेले दिवस. एका खोलीत बसणाऱ्या टीममध्ये या दोहोंतले अंतर कमी असते, म्हणून गल्लत झाली तरी निभावते. विखुरलेल्या टीममध्ये अर्ध्या दिवसाच्या कामाला रिव्ह्यूच्या (सहकाऱ्याकडून कोड तपासून घेण्याच्या) प्रतीक्षेत चार दिवस सहज लागतात. त्यामुळे या पद्धतीत मत मागायचे ते फक्त आवाक्याचे. तारखेचा हिशेब नंतर वेगळा करायचा. तो सातव्या पायरीत येईल.

एकक पॉइंट असावे की तास, यावर वाद घालणाऱ्या टीम मी पुष्कळ पाहिल्या आहेत आणि त्या वादातून फारसे काही निघालेले पाहिले नाही. १, २, ३, ५, ८, १३ ही श्रेणी घ्या. तिच्यातली अंतरे वाढत जातात हाच तिचा फायदा, कारण मोठ्या कामाबद्दल ‘९ की १०’ असे भांडण करण्याइतकी आपली नजर बारीक नसते. १३ च्या वरचा पत्ता ठेवू नका. त्यापेक्षा मोठे वाटणारे काम तोडायला परत पाठवावे.

पत्त्यांइतकेच महत्त्वाचे म्हणजे नमुन्याची कामे. मागील दोन-तीन महिन्यांत पूर्ण झालेल्या टिकेटांतून २, ५ आणि ८ साठी प्रत्येकी दोन कामे निवडा आणि त्यांची पुरी माहिती एका कायमस्वरूपी पानावर ठेवा: काय बदलले, किती फायली हलल्या, कुठे घोडे अडले. समोरासमोर बसलेल्या टीममध्ये ‘हे त्या मागच्या लॉगिनच्या कामाएवढेच आहे’ असे कुणीतरी बोलून जातो. एकट्याने अंदाज बांधणाऱ्याला ही सोबत नसते, आणि ती या पानाने द्यायची असते. दर तिमाहीला हे नमुने बदला, नाहीतर नव्या माणसाला त्यातले एकही काम आठवणार नाही आणि पान नुसते शोभेचे उरेल.

पायरी २: टिकेट अंदाजायोग्य करा

सगळ्यांत जास्त मेहनत येथे आहे. मीटिंगमध्ये अर्धवट लिहिलेले टिकेट चालून जाते, कारण विचारले की लगेच उत्तर मिळते. असिंक्रोनस पद्धतीत प्रत्येक अनुत्तरित प्रश्नाची किंमत एक दिवस असते: विचारणाऱ्याचा दिवस संपतो तेव्हा उत्तर देणाऱ्याचा उजाडतो. म्हणून टिकेट लिहिणाऱ्याने अर्धा तास जास्त घालवावा, म्हणजे पाच जणांचे पाच दिवस वाचतात.

टिकेटात काय असावे? कोणत्या वापरकर्त्याला, कोणत्या परिस्थितीत, नेमके काय करता यायला हवे, हे दोन-तीन वाक्यांत. काम झाले असे कधी म्हणायचे, याच्या तपासता येतील अशा अटी. त्याहून महत्त्वाचे, आणि नेहमी राहून जाणारे, म्हणजे या टिकेटात काय नाही याची यादी. ‘मोबाइलवरचे दृश्य यात नाही’, ‘जुन्या डेटाचे स्थलांतर यात नाही’ अशा दोन ओळींनी अंदाजातली निम्मी तफावत जाते, असा माझा अनुभव आहे. त्याशिवाय स्क्रीनचे चित्र किंवा दोन मिनिटांचे रेकॉर्डिंग, संबंधित कोडचा दुवा, आणि डेटाचे आकारमान. शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात. शंभर ओळींची यादी आणि दहा लाख ओळींची यादी ही टिकेटात एकच वाक्य असते, कोडमध्ये मात्र दोन वेगळी कामे.

मते मागवण्याची फेरी सुरू करण्याआधी हे टिकेट टीममधल्या अशा एका माणसाला वाचायला द्या ज्याने ते लिहिलेले नाही आणि जो ते काम करण्याची शक्यताही कमी आहे. त्याने पाच मिनिटांत तीनपेक्षा जास्त प्रश्न विचारले, तर टिकेट अजून कच्चे आहे. कच्च्या टिकेटावर आकडा मागणे म्हणजे अंदाजपंचे काम. आणि बोएम यांच्याच मांडणीनुसार प्रकल्प नुसत्या कल्पनेच्या टप्प्यावर असताना बांधलेला अंदाज प्रत्यक्षाच्या पावपट ते चौपट इतका भरकटू शकतो.

पायरी ३: फेरीची आखणी

एका फेरीत पाच ते आठ टिकेटे पुरेत. त्याहून जास्त दिली की शेवटच्या टिकेटांवर लोक नजर फिरवून आकडे टाकतात. मुदत ४८ तासांची ठेवावी आणि ती यूटीसीमध्ये (जगभर समान धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत) लिहावी. ‘उद्या संध्याकाळपर्यंत’ या शब्दांना विखुरलेल्या टीममध्ये काही अर्थ नसतो. चोवीस तास कमी पडतात, कारण कुणाची तरी साप्ताहिक सुट्टी किंवा प्रवास त्यात येतोच. बहात्तर तास दिले तर सगळे तिसऱ्या दिवशीच जागे होतात. फेरी आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी सुरू करा, म्हणजे तिच्यासाठी प्रत्येकाच्या कॅलेंडरमध्ये आपोआप जागा होते.

मत देणारे तीन ते पाच असावेत. त्यांत तो भाग जाणणारा एक, तो भाग फारसा न जाणणारा एक, आणि एक टेस्टर हवाच. टेस्टरला वगळणाऱ्या टीममध्ये अंदाज कोड लिहून होईपर्यंतचाच असतो आणि नंतरचे काम कुणाच्याही खाती जमा होत नाही. टीमच्या मॅनेजरने मत देऊ नये. त्याने टिकेटाच्या वर्णनात ‘हे छोटेसेच काम आहे’ असे लिहिणेही टाळावे, कारण असे वाक्य हे झाकलेल्या पत्त्यांमध्ये उघडा टाकलेला पत्ताच असतो. ‘झटपट’, ‘फक्त’, ‘सोपा बदल’ हे शब्द मी टिकेटांतून शोधून काढून टाकायला सांगतो.

एक सूत्रधार ठरवा आणि ही जबाबदारी दर फेरीला फिरवा. मते गोळा करणे, मुदतीला उघड करणे आणि मतभेदाची टिकेटे वेगळी काढणे एवढेच त्याचे काम. निवाडा देणे हे त्याचे काम नव्हे.

पायरी ४: मत गुप्त घ्या, आणि ते तांत्रिकदृष्ट्या गुप्त ठेवा

‘आधी दुसऱ्यांचे पाहू नका’ अशी विनंती पुरेशी नाही. समोर आकडा दिसत असेल तर तो न पाहणे कुणालाही जमत नाही. त्यामुळे टिकेटाचे पॉइंटचे रकाने, कॉमेंट आणि सार्वजनिक चॅनेल हे तिन्ही मार्ग मतासाठी वर्ज्य समजा. असिंक्रोनस पोकरची तयार साधने मिळतात; तुमच्या साधनात ‘सगळ्यांची मते येईपर्यंत झाकून ठेवा’ ही सोय खरोखर चालू आहे का, ते एकदा दोन खात्यांतून तपासून घ्या. साधन नसेल तर साधा ऑनलाइन फॉर्म चालतो, मात्र उत्तरांचा गोषवारा भरणाऱ्यांना दाखवण्याचा पर्याय बंद असला पाहिजे. अगदीच काही नसेल तर सूत्रधाराला खासगी संदेश पाठवावा. त्या फेरीत सूत्रधाराने मत द्यायचे असेल, तर ते इतरांचे संदेश उघडण्यापूर्वी स्वतःलाच पाठवून ठेवावे.

सूत्रधारावरही विसंबायचे नसेल, तर प्रत्येकाने आपले मत आणि त्यासोबत दोन-चार स्वैर शब्द एकत्र करून त्याचा एसएचए-२५६ हॅश (ज्यावरून मूळ मजकूर काढता येत नाही, पण मजकूर हाती असेल तर पडताळता येतो असा सांकेतिक ठसा) चॅनेलवर टाकावा आणि मुदतीनंतर मूळ मजकूर उघड करावा. स्वैर शब्द विसरू नका; नुसत्या आकड्याचा हॅश टाकला तर पत्ते सहाच असल्यामुळे कुणीही सहा हॅश काढून तुमचा पत्ता ओळखेल. खरे सांगायचे तर एवढे सोपस्कार करावे लागत असतील तर त्या टीमचे दुखणे वेगळेच आहे.

पायरी ५: आकड्यासोबत तीन ओळी

प्रत्येक मतासोबत तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. पहिली, आकडा. दुसरी, ‘मी असे गृहीत धरले आहे की…’ याने सुरू होणारे एक वाक्य. तिसरी, ‘हा आकडा चुकला तर तो बहुधा … मुळे चुकेल’ असे एक वाक्य. तिन्ही रकाने सक्तीचे ठेवा. सुरुवातीला लोक कुरकुर करतात, पण एका टिकेटाला यासाठी पाच-सहा मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत.

तिसऱ्या ओळीला मी सर्वाधिक मान देतो. अनुभवी माणसाच्या मनात पुष्कळदा नुसती पाल चुकचुकते. त्याला कारण नीट सांगता येत नाही, म्हणून मीटिंगमध्ये तो भिडेखातर गप्प राहतो. ‘हे कशामुळे चुकेल’ असे विचारले की ती शंका शब्दांत उतरते. ‘त्या बाहेरच्या पेमेंट सेवेची चाचणी व्यवस्था आठवड्यातून एकदा तरी बंद पडते’ हे वाक्य कोणत्याही आकड्यापेक्षा मोलाचे आहे.

ज्याला काम समजलेच नाही त्याच्यासाठी ‘?’ हा पत्ता ठेवा, आणि तो टाकण्यात कमीपणा नाही हे स्पष्ट सांगा. एका टिकेटावर दोन ‘?’ आले तर फेरीतून ते काढून दुसऱ्या पायरीवर परत पाठवावे. मात्र मत न देणे म्हणजे संमती असा अर्थ कधीही काढू नका. मुदतीत मत आले नाही तर ते ‘आले नाही’ म्हणूनच नोंदवा. तीनपेक्षा कमी मते असतील तर ते टिकेट पुढच्या फेरीत जाते.

पायरी ६: उघड करणे आणि मतभेद सोडवणे

मुदत संपली की सूत्रधाराने सगळे आकडे आणि सगळ्या ओळी एकाच वेळी टिकेटावर चिकटवाव्यात. येथे नियम आधीच ठरलेले असावेत, नाहीतर प्रत्येक वेळी नियमावरच चर्चा होते. मी वापरतो ते नियम असे: सगळी मते एकाच किंवा लगतच्या दोन पत्त्यांवर असतील तर मोठा पत्ता घ्यावा आणि विषय संपवावा. ‘३ की ५’ यावर संदेश लिहिण्यात गेलेला वेळ त्या दोन आकड्यांतल्या फरकाहून महाग पडतो. मते त्याहून जास्त पसरली असतील तर दुसरी फेरी घ्यावी.

सरासरी मात्र काढू नका. एक उदाहरण सविस्तर पाहू. टिकेट आहे: ‘ऑर्डरची यादी सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय.’ चार मते आली: ३, ३, ५ आणि १३. सरासरी ६ येते. पण ६ आवाक्याचे काम या चौघांपैकी कुणाच्याच डोक्यात नव्हते.

आता ओळी वाचू. ३ देणाऱ्या दोघांनी गृहीत धरले होते की पानावर त्या क्षणी दिसणाऱ्या ओळींचीच फाइल हवी आहे. १३ देणाऱ्या डेव्हलपरने लिहिले होते की मोठ्या ग्राहकांच्या खात्यात एक लाखाहून जास्त ऑर्डर आहेत आणि सर्व्हर ३० सेकंदांनंतर विनंती तोडतो. म्हणून फाइल बॅकग्राउंड जॉबमध्ये (वापरकर्त्याला न थांबवता मागे चालणाऱ्या कामात) बनवावी लागेल, ती कुठेतरी साठवावी लागेल, तयार झाल्यावर ईमेल पाठवावा लागेल, आणि त्या लिंकची मुदत व परवानगी तपासावी लागेल. ५ देणारी टेस्टर होती. तिने दोन निराळ्याच गोष्टी नोंदवल्या होत्या: फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची खूण नसेल तर एक्सेलमध्ये देवनागरी नावे विद्रूप दिसतात, आणि ग्राहकाने भरलेला मजकूर ‘=’ ने सुरू होत असेल तर स्प्रेडशीट त्याला सूत्र समजून चालवू पाहते, म्हणजे तो सुरक्षेचा प्रश्न होतो.

ही दोन वेगळी कामे होती आणि एकाच नावाखाली टिकेटात बसली होती. कोण बरोबर, हा प्रश्न येथे उद्भवतच नाही. टिकेट लिहिणाऱ्याने ठरवायचे की हवे काय आहे. त्याने उत्तर दिले की पहिल्या टप्प्यात ५,००० ओळींची मर्यादा चालेल. मग टिकेटाचे दोन भाग झाले. मर्यादित फाइल, टेस्टरच्या दोन्ही मुद्द्यांसह, यावर दुसऱ्या फेरीत ३, ५, ५, ५ अशी मते आली आणि ५ नोंदवले गेले. मोठ्या फाइलचे टिकेट स्वतंत्र होऊन मागे ठेवले गेले. पहिल्या फेरीत सरासरी घेऊन मोकळे झालो असतो, तर १३ मागची माहिती कामाच्या चौथ्या दिवशी, कोड अर्धा लिहून झाल्यावर समोर आली असती.

दुसऱ्या फेरीचा क्रम असा ठेवावा: सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त मत देणाऱ्यांनी चोवीस तासांत, प्रत्येकी पाच-सहा वाक्यांत, आपले गृहीतक मांडायचे. बाकीच्यांनी तोवर लिहायचे नाही. टिकेटाच्या मालकाने, म्हणजे ते लिहिणाऱ्याने, त्यावर निर्णय देऊन टिकेटाचा मजकूर बदलायचा, केवळ कॉमेंटमध्ये उत्तर देऊन थांबायचे नाही. दोन महिन्यांनी काम हाती घेणारा माणूस चाळीस कॉमेंट वाचत बसणार नाही. त्यानंतर पुन्हा गुप्त मत.

भाषेबद्दल एक सूचना. ‘तुम्हाला हे तीनमध्ये कसे जमेल?’ हे वाक्य लेखी स्वरूपात टोमण्यासारखे वाचले जाते, मग लिहिणाऱ्याचा हेतू काहीही असो. ‘तीनमध्ये कोणता भाग धरला आहे, म्हणजे माझ्याकडून काही जास्तीचे धरले गेले का ते पाहतो’ असे लिहिले की समोरचा बचावात जात नाही. चेहरा दिसत नसताना आकडा बदलायला लावणे फार सोपे असते. टीममधला नवखा डेव्हलपर ज्येष्ठाच्या एका प्रश्नचिन्हानेही १३ चे ३ करून टाकतो. म्हणून पहिल्या फेरीचे आकडे नावांशिवाय उघड करणे, निदान पहिले काही महिने, हिताचे ठरते.

तिसरी फेरी घेऊ नका. दोन फेऱ्यांनंतरही मते पसरलेली असतील तर ज्या दोघांत अंतर आहे त्यांचा आणि टिकेटाच्या मालकाचा पंधरा मिनिटांचा कॉल लावावा आणि निष्कर्ष टिकेटात लिहावा. किंवा कुणालाच माहिती नाही हे मान्य करून, एका दिवसाचे बंदिस्त शोधकाम वेगळे टिकेट म्हणून काढावे. त्या दिवसाअखेर कोड नाही तर उत्तर मिळायला हवे.

पायरी ७: आवाक्यापासून तारखेपर्यंत

टिकेटाचा आवाका दोन दिवसांचा आहे असे समजा. डेव्हलपरचा दिवस यूटीसी ३:३० ते १२:०० आणि रिव्ह्यू करणाऱ्याचा १३:०० ते २१:०० आहे. डेव्हलपरने ११:०० ला कोड दिला तर दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर हजर असते आणि काहीच वाया जात नाही. उलट रात्रीचा उपयोग होतो. पण त्याने ५:०० ला कोड दिला, तर समोरचा कामावर यायला आठ तास आहेत, आणि या टिकेटापुरता त्याचा तो दिवस गेला. म्हणजे प्रत्येक देवघेवीची किंमत शून्य ते एक दिवस. तीन देवघेवी असतील तर दोन दिवसांचे काम दोन ते पाच दिवसांत होईल, आणि मध्ये साप्ताहिक सुट्टी आली तर सात.

यासाठी टिकेटावर आवाक्याशेजारी आणखी एक रकाना ठेवा: हे काम किती वेळा एका हातातून दुसऱ्या हातात जाणार? डिझाइनचा होकार, रिव्ह्यू, दुसऱ्या टीमचा एपीआय (त्यांच्या प्रणालीशी जोडणारा दुवा), तैनातीची परवानगी, प्रत्येकाचा एक. माझ्या मते विखुरलेल्या टीमच्या तारखा आवाक्यामुळे क्वचितच चुकतात; त्या या रकान्यामुळे चुकतात, जो बहुतेक टीम ठेवतच नाहीत.

मोठ्या आणि धूसर कामासाठी तीन आकड्यांचा जुना हिशेब कामी येतो. अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस या क्षेपणास्त्र कार्यक्रमासाठी १९५८ च्या सुमारास पर्ट ही पद्धत तयार झाली. तिच्यात सर्वांत चांगला, सर्वांत संभाव्य आणि सर्वांत वाईट असे तीन अंदाज घेतात. मधल्याला चारने गुणून, त्यात दोन्ही टोके मिळवून, बेरजेला सहाने भागतात. १, २ आणि ९ दिवस असे तीन अंदाज असतील तर उत्तर (१ + ८ + ९) ÷ ६, म्हणजे ३ दिवस येते. ‘दोन दिवसांत होईल’ असे प्रामाणिकपणे म्हणणारा माणूस तीनची तयारी का ठेवतो, हे त्यातून दिसते. असे केले म्हणजे प्रत्येकाने आपापल्या आकड्यात हातचा राखून ठेवण्याची गरज उरत नाही. राखीव वेळ उघडपणे, एकाच जागी, सगळ्यांना दिसेल असा राहतो.

पायरी ८: मागे वळून पाहणे

काम संपले की ज्याने ते केले त्याने टिकेटावर दोन ओळी लिहाव्यात: प्रत्यक्षात ते कोणत्या पत्त्याएवढे निघाले, आणि कोणते गृहीतक खोटे ठरले. महिन्यातून एकदा सूत्रधाराने या ओळी एकत्र वाचाव्यात. आकडे किती चुकले यापेक्षा कशामुळे चुकले याचे ढीग पाडा. एका टीममध्ये असे ढीग पाडल्यावर दिसले की आठातली पाच टिकेटे एकाच कारणाने वाढली होती, चाचणीसाठीचा डेटा हाताने तयार करावा लागत होता. अंदाज सुधारण्याऐवजी त्यांनी तो डेटा तयार करणारी स्क्रिप्ट लिहिली, आणि पुढच्या महिन्यापासून अंदाज आपोआप सुधारले.

ही पायरी टाळली तर बाकीच्या सात व्यर्थ जातात, कारण माणूस स्वतःच्या कामाबद्दल नेहमी आशावादी असतो. मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्युलर आणि सहकाऱ्यांच्या १९९४ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३३.९ दिवसांत पूर्ण होईल असे सांगितले होते, प्रत्यक्षात ५५.५ दिवस लागले. सगळेच उलटसुलट झाले तर किती लागतील, असे विचारल्यावर त्यांनी दिलेला आकडाही ४८.६ होता, म्हणजे वाईटात वाईट कल्पनाही वास्तवापेक्षा गोडच. आपली मागची कामे प्रत्यक्षात किती ताणली गेली, हे समोर लिहिलेले असले तरच हा आशावाद थोडा उतरतो.

या नोंदींवरून व्यक्तींची तुलना मात्र करू नका, आणि दोन टीमच्या पॉइंटची तर मुळीच नाही. ज्या दिवशी एखाद्याच्या मूल्यमापनात ‘अंदाज किती अचूक’ हा रकाना येईल, त्याच दिवशी सगळे आकडे फुगतील आणि गृहीतकांच्या ओळी गुळगुळीत होतील. असा एक प्रकार मी जवळून पाहिला आहे. तिसऱ्या महिन्यात प्रत्येक टिकेट ८ चे झाले होते आणि प्रत्येक अंदाज अचूक होता.

कुठे ही पद्धत वापरू नये

चालू सेवेतला तातडीचा बिघाड दुरुस्त करताना ४८ तासांची फेरी घेण्यात अर्थ नाही. दोन माणसांच्या टीमलाही एवढा सरंजाम नको. एकमेकांना आकडा एकाच वेळी पाठवला तरी पुरते. अगदी नवा प्रकल्प, जिथे नमुन्याची कामेच नाहीत, तिथे पहिले तीन-चार आठवडे अंदाज न बांधता फक्त काम करून नोंदी ठेवाव्यात.

आणि सहा-आठ महिन्यांनी नोंदी चाळताना असे आढळले की जवळजवळ सगळी टिकेटे ३ किंवा ५ चीच येत आहेत, तर टिकेटे तोडण्याची सवय टीमच्या अंगवळणी पडली आहे असे समजा. मग आकड्याचा रकाना काढून टाकला तरी चालेल: आठवड्याला किती टिकेटे पूर्ण होतात हे मोजून तारीख सांगता येते. गृहीतकाची आणि शंकेची ओळ मात्र फॉर्ममध्ये तशीच सक्तीची राहू द्यावी.